सोनठिपक्याच्या पाकळ्या

ज्या पत्राला मामांनी उत्तर दिलं नव्हतं, ते पत्र त्यांना तोंडपाठ होतं. चारदा दुमडलेला, घड्यांवर झिजलेला एकच कागद. गेली दोन वर्षं जे पुस्तक वाचायला घेतील त्यात तो खुणेसाठी म्हणून जायचा, म्हणजे रोज एकदा तरी हाताला लागायचाच. फेकवत नव्हता आणि बाजूलाही ठेववत नव्हता.

त्यांची सख्खी भाची एकच. पण शेतावर दुधाची गाडी घेऊन येणाऱ्यापासून गुरांच्या डॉक्टरपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणायचे, तेव्हा आपणही तेच म्हणू. मामा चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. लोकांच्या चुका शोधून त्यांचं पोट भरलं होतं, आणि ते पत्र त्यांच्या चुकीविषयी होतं. किंवा नव्हतं. सगळं घोडं तिथंच तर अडलं होतं.

पत्र एका निवृत्त शाळामास्तरीण बाईंचं होतं. तेवीस वर्षांपूर्वी त्यांचं रानफुलांवरचं एक लहानसं पुस्तक मामांच्या छापखान्यात छापलं गेलं होतं. बाईंनी लिहिलं होतं:

‘माझ्या पुस्तकाची मुद्रितं आपण तपासली होती असं कळलं. पान सत्तेचाळीसवर सोनठिपक्याच्या पाकळ्या पाच असं छापलं आहे. पुस्तक हातात आलं तेव्हा वाटलं, मीच चुकीचं लिहिलं असणार. एकवीस वर्षं तसंच वाटत राहिलं. स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा उरला नाही, म्हणून दुसरं पुस्तक लिहिलंच नाही. परवा माळा आवरताना हस्तलिखिताची प्रत सापडली. त्यात चार आहे. आता माझे डोळे अधू झालेत, पाकळ्या मोजणं होत नाही. तक्रार मुळीच नाही. एवढंच कळवा, की मी चुकीचं पाहिलं होतं की तुम्ही चुकीचं दुरुस्त केलंत?’

एका ओळीचं उत्तर. पण ते द्यायचं तर सोनठिपक्याला पाकळ्या किती हे माहीत हवं, आणि मामांनी सोनठिपका जन्मात पाहिला नव्हता. शहरातल्या वाचनालयात शोधलं, तर एका पुस्तकात हे फूलच नव्हतं. दुसऱ्यात होतं, आणि पाकळ्या पाच. मामांचा जीव भांड्यात पडला. मग मागची संदर्भयादी वाचली, तर ती माहिती बाईंच्याच पुस्तकातून घेतलेली. म्हणजे मामांनीच लिहिलेलं मामांनाच साक्ष द्यायला उभं! ते पुस्तक त्यांनी चोरी पकडली गेल्यासारखं घाईघाईनं फळीवर परत ठेवलं.

कारण त्या ‘पाच’ची कहाणी त्यांना चांगली आठवत होती. आधीच्या पानावर बाईंनी लिहिलं होतं की या कुळातल्या फुलांना पाच पाकळ्या. पान उलटलं तर सोनठिपक्याला चार. मामांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं. शंका आली की प्रश्नचिन्ह काढायचं आणि लेखकाला विचारायचं, ही त्यांची रीत. पण शंका त्यांना फार यायच्या. छापखान्याचा फोरमन त्या दिवशी कावलेला होता. तो सगळ्यांदेखत म्हणाला, “अहो, तुमच्या शंका फेडायच्या तर मला आणखी एक छापखाना काढावा लागेल. एकदा तरी स्वतःच्या डोक्यानं काही ठरवाल का?” अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार खो खो हसले. मामांचे कान तापले. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं, ‘चार’ खोडलं आणि ठसठशीत अक्षरात ‘पाच’ लिहिलं. चाळीस वर्षांत खात्रीनं केलेली ही त्यांची एकमेव दुरुस्ती.

यंदाच्या हिवाळ्यात मामांची छाती धरली, खोकला हटेना, तेव्हा त्यांची थोरली बहीण, ताई, त्यांना सरळ आपल्या शेतावर घेऊन आली. “उन्हाळा संपेपर्यंत परत जायचं नाव काढायचं नाही,” असा हुकूम सुटला. ताईपुढं मामांचं लहानपणापासून काही चालत नसे. ती त्यांना अजून ‘किड्या’ म्हणायची, पुस्तकातला किडा म्हणून.

शेत म्हणजे दुधाची गुरं, त्यांच्यापुरतं गवताचं मोठं रान, आणि घरापुढं ताईची बाग. बागेत झिनिया, डेलिया, भिंतीवर चढलेला गुलाब, कुंपणाशी सूर्यफुलं. ताईच्या बागेत फुलांनी उभं कुठं राहायचं हेही ठरलेलं. बाकी जे आपणहून उगवेल ते तण. गोठ्याच्या तुळईवर भिंगऱ्यांची घरटी होती, त्यांची ये-जा डोक्यावरून सपकन व्हायची आणि मामा दर वेळी मान खाली घालायचे. दोन महिने झाले तरी सवय होईना.

आठ दिवसांपूर्वी ते गवताच्या रानाच्या खालच्या टोकाला, ओढ्याकडे फिरायला गेले होते. एक टिटवी कोकलत अंगावर आली. मामा घाबरून खाली बसले, आणि बसल्या जागी नाकासमोर ते दिसलं. जमिनीलगत पसरलेली नाजूक काडी, देठ नसलेली पानं, आणि नखाएवढं पिवळंधमक फूल. पान सत्तेचाळीस शब्दन् शब्द.

तेव्हापासून मामांना चैन नव्हतं. फूल सापडलं म्हणजे काम झालं असं तुम्हाआम्हाला वाटेल. मामांना नाही. त्यांनी मोजल्या: चार. पण शेजारी गवतावर एक पिवळी पाकळी पडलेली होती. ती या फुलाची की दुसऱ्या? दुपारी भिंग घेऊन गेले तर फुलं मिटलेली. दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता, एका फुलाला तीन, एकाला चार, एकाला दोनच. तिसऱ्या दिवशी अगदी पाच सापडल्या, तर मामा आनंदानं घरापर्यंत आले आणि दारात त्यांना शंका आली की ते याचंच भावंड असावं, हे नव्हे. परत गेले तर ते फूल सापडेना. मग आभाळ आलं, आणि आभाळ असलं की हे महाशय उमलतच नाहीत. जेवताना लक्ष नाही, वाचताना तीच ओळ पुन्हा पुन्हा. ताई म्हणाली, “किड्या, खुर्चीत मुंग्या आहेत का? किती ती चुळबूळ!”

आठव्या दिवशी संध्याकाळी तिघं जेवायला बसले होते. भाची शेत बघायची. पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, मोजकं बोलणारी. ती म्हणाली, “परवा पाऊस सांगितलाय. गवत उद्याच कापायला घेते. खालच्या टोकापासून सुरू करते, तिथं ओल फार, वाळायला वेळ लागतो.”

खालचं टोक! दोन महिन्यांत त्यांनी या घरात चहासुद्धा मागून घेतला नव्हता. आणि आता एका पत्रासाठी, तेही उत्तर न दिलेल्या, कापणी थांबव म्हणायचं? खरं कारण सांगायचं म्हणजे सगळी लाज उघड्यावर मांडायची. ते पाणी प्यायले, आणि दुसरंच बोलून गेले.

“खाली टिटवीची पिल्लं आहेत. म्हणजे, घरटं आहे. अंडी. तेवढा भाग दोन दिवस ठेवला असता तर...”

“टिटवीची?” भाचीनं घास खाली ठेवला. “आत्ता? मग बघायलाच पाहिजे. मशीनखाली यायची.” आणि ती उठून गेलीसुद्धा. बाहेर अजून उजेड होता. खिडकीतून ती रान तुडवत जाताना दिसत होती, वाकून, दोन्ही हातांनी गवत बाजूला सारत. सगळं टोक तिनं पालथं घातलं. मामा ताटाकडे बघत बसले. ताई मामांकडे.

भाची परत आली, बूट दारात काढले. “मामा, टिटवीची पिल्लं महिन्यापूर्वीच उडाली. मी स्वतः पाहिलीत. तिथं एकही अंडं नाही.” मग जरा थांबून, हळूच, “काय आहे तिथं?”

“किड्या खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात,” ताई म्हणाली. “लहानपणापासून. बोल आता.”

मामांनी पुस्तकातून पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. “याला उत्तर दिलेलं नाही,” एवढंच म्हणाले. वाचून दाखवायचा धीर झाला नाही. ताईनं चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ वाचून तिनं वरची तारीख बघितली.

“दोन वर्षं?” ताई म्हणाली. “दोन वर्षं तू मूग गिळून बसलास? ती बिचारी तिकडं स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसली असेल!”

“खात्री नव्हती, ताई.”

“तुला तुझ्या नावाची तरी खात्री आहे का रे?”

“आई, राहू दे,” भाची म्हणाली. तिनं पत्र उचललं, पुन्हा एकदा मनाशी वाचलं. “मामा, पाऊस माझ्यासाठी थांबायचा नाही, त्यामुळे दोन दिवस देता येणार नाहीत. पण दवात मी मशीन घालत नाही, ओलं गवत कुजतं. नऊपर्यंत दव वाळतं. नऊपर्यंत रान तुझं.”

मामांनी मान डोलावली. झोपायला गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे फूल उमलतं ऊन अंगावर आल्यावर. म्हणजे साडेआठला खालच्या टोकावर ऊन पोचण्याआधी नाही. दव वाळायचं तेव्हाच ते उमलायचं. त्यांच्या हाती अर्धा तास होता.

सकाळी सहालाच ते खाली जाऊन बसले. चंडोल वर कुठंतरी एकसारखा गात होता, दिसत मात्र नव्हता. ओढ्याच्या दगडावर धोबी पक्षी शेपूट हलवत इकडून तिकडं, तिकडून इकडं. त्याची आणि मामांची तऱ्हा एकच होती. कळ्या घट्ट मिटलेल्या. मामांनी बोटानं एक उघडून बघायचा विचार केला आणि हात मागं घेतला. सव्वासात. आठ. ढगाचा एक तुकडा सूर्यावर आला नि गेला, तेवढ्यात मामांना घाम फुटला. आणि वरून ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली.

पण आधी पोचली ताई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात गोठ्यातलं धार काढायचं बुटकं स्टूल. तिनं ते गवतात रोवलं आणि हाशहुश करत बसली. “दाखव तुझं तण.”

“ताई, तुझे गुडघे...”

“गुडघ्यांनी नाही मोजायचंय. दाखव.”

साडेआठला ऊन ओढ्यावरच्या झाडांमधून सरकलं आणि खालच्या टोकावर पडलं. मामा श्वास धरून बघत होते. पहिली कळी सैल झाली. मग दुसरी. मग ठिपके पेटत जावेत तशी ती पिवळाई गवताच्या मुळाशी पसरत गेली. आठ दिवसांत मामांनी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं. ते नेहमी उशिरा यायचे.

“ज्यांच्यावर अजून दव आहे तेवढीच मोजायची,” ते म्हणाले, आणि आपला आवाज इतका मोठा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. “नुकती उमललेली. म्हणजे पाकळी गळालेली नसणार. मोजलेल्याच्या देठाशी गवताची काडी ठेव.”

“चार,” ताई म्हणाली. “चार. हेही चार. किड्या, अरे किती सुरेख आहे हे. चार.”

मामा रांगत होते. चार. चार. थेंब भिंगावर पडत होते, ते शर्टाच्या टोकानं पुसत होते. चार. ट्रॅक्टर रानाच्या कडेला येऊन उभा राहिला, इंजिन सुरूच. मामांनी वर बघितलं नाही. इंजिनाच्या धडधडीत त्यांचा आकडा चुकला, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग धडधड थांबली. भाची उतरून आली, गवतावरून तळहात फिरवून बघितला. “अजून ओल आहे जरा,” असं म्हणाली आणि त्यांच्या पलीकडं उकिडवी बसून मोजायला लागली. तिच्या तळहाताला किती ओल लागली होती कुणास ठाऊक.

नवाला पाच मिनिटं कमी असताना तिघांनी आकडे जमवले. सत्त्याऐंशी फुलं. त्र्याऐंशींना चार पाकळ्या, तिघांना पाच. आणि एक फूल ताईच्या मते चारचं आणि भाचीच्या मते साडेतीनचं, कारण त्याची एक पाकळी कुणीतरी कुरतडलेली.

मामा गवतात बसूनच राहिले. “तिघांना पाच आहेत,” ते म्हणाले.

“मामा,” भाची उठत म्हणाली, “सहा बोटांची माणसं असतात. म्हणून पुस्तकात हाताला बोटं सहा असं छापतोस का?”

मामांनी भिंग खिशात ठेवलं. म्हणजे चूक त्यांचीच. एका बाईचे डोळे बरोबर होते आणि यांनी एका शाईच्या फटकाऱ्यानं ते चुकवले. फोरमन सगळ्यांदेखत बोलला म्हणून.

“तेवढा तुकडा ठेवू का मी?” भाचीनं विचारलं.

मामांना हो म्हणायचं होतं. “ठेवून काय होईल?”

“खरं सांगू? उंच गवत त्याला गिळून टाकेल. दर वर्षी कापतो म्हणून तर ते इथं टिकलंय.”

“मग काप.”

मशीन सुरू झालं. गवत लाटेसारखं आडवं पडत गेलं, आणि कुठून आले कळेना, पण कावळे आणि बगळे मागोमाग उतरले, उघडे पडलेले किडे टिपत. भिंगऱ्या अगदी जमिनीलगत घुसायला लागल्या. मामांनी ताईला हात दिला, स्टूल उचललं, आणि दोघं घराकडं निघाले. ताई थकली होती, पण तोंड चालूच. “आत्ताच्या आत्ता लिहायचं. एकदा पुस्तक उघडलंस की गेलं.”

बागेतल्या बाकावर बसून मामांनी लिहायला घेतलं. अकरा वाजेपर्यंत चार पानं झाली. ताई कात्रीनं डेलियाची वाळलेली फुलं खुडत होती. “वाच बघू,” ती म्हणाली.

मामांनी वाचलं. ‘सदर निरीक्षण एकाच ठिकाणचं आणि एकाच सकाळचं असल्यानं त्यावरून निश्चित निष्कर्ष काढणं कदाचित धाडसाचं ठरेल, तथापि बहुतांशी असं म्हणता येईल की...’

“थांब, थांब. यात ‘चार’ कुठंय?”

“तिसऱ्या पानावर.”

“त्या बाईंना दिसत नाही ना रे? मग हे मुंग्यांएवढं अक्षर कुणासाठी?”

मामा हातातल्या पानांकडे बघत राहिले. छापखान्याच्या समासात मावावं म्हणून घोटलेलं बारीक अक्षर. बाईंना यातलं एकही दिसलं नसतं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, ‘तथापि’पासून.

ते आत गेले. दुधाच्या बरण्यांवर तारखा लिहायचा भाचीचा जाड काळा मार्कर घेऊन आले. कोरा कागद घेतला आणि बोटभर उंचीची अक्षरं काढली. पहिलाच शब्द अर्ध्या ओळीचा झाला. ‘कदाचित’ लिहायला बसले असते तर ओळच संपली असती. दोन कागद खराब केले. तिसऱ्यावर एवढंच मावलं:

‘पाकळ्या चारच आहेत. तुम्ही बरोबर पाहिलं होतं. पाच मी केलं, तुम्हाला न विचारता. उत्तराला दोन वर्षं लावली. क्षमा करा.’

खाली नाव, पत्ता. मोजणीचा आकडा मागच्या बाजूला. पाच पाकळ्यांची तीन फुलं धरून, कारण ती लपवणंही बरोबर नव्हतं.

ताईनं कागद हातभर लांब धरून वाचला. “हां. हे मला चष्म्याशिवाय दिसतंय,” ती म्हणाली. मग कात्री थांबवून, “किड्या, पण त्या बाई आहेत ना अजून?”

तो प्रश्न मामांनी दोन वर्षं स्वतःला विचारायचं टाळलं होतं. “माहीत नाही,” ते म्हणाले आणि टोपी घेऊन उठले.

टपाल कचेरी पाऊण तासाच्या वाटेवर होती आणि एकला बंद व्हायची. मामा इतक्या लगबगीनं कधी चालले नव्हते. छाती भरून आली तरी थांबले नाहीत. थांबलं की विचार येणार, विचार आले की पाकीट उघडून एकदा वाचून बघावंसं वाटणार. वाटेवरच्या चरात निळी, पांढरी कितीतरी फुलं होती. एकही मोजली नाही.

खिडकीतल्या कारकुनानं पाकिटावरची अक्षरं बघितली आणि हसला. “काका, पलीकडच्या गावातून वाचता येईल एवढं मोठं लिहिलंय!”

“तसंच हवंय,” मामा धापा टाकत म्हणाले.

“पोचल्याची पावती पाहिजे? थोडे जास्त लागतील.”

मामा क्षणभर घुटमळले. पावती परत आली, की कळणार. परत नाही आली, तरी कळणार. “द्या,” ते म्हणाले, आणि फॉर्मवर सही केली. कारकुनानं धाडकन शिक्का मारला, आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

मामा खिडकीशीच उभे.

“आणखी काही, काका?”

“गेलं ना ते?”

“पोत्यात गेलं. आता तुम्ही मागितलंत तरी देता येत नाही.”

“बरं झालं,” मामा म्हणाले.